विज्ञानकथेच्या कोर्सआधी बेचाळीस पुस्तकं वाचावीत का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा थोडी काळजी वाटली. तू लिहिलंयस ते असं: पुण्यातल्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला जातेयस. जूनपासूनच्या सेमिस्टरला ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य विषयाबाहेरचा निवडीचा पेपर, म्हणून विज्ञानकथा मिळालीय आणि यादीत नाव लागल्यापासून तुला दुसरं काही सुचत नाहीये. आई म्हणते, त्यापेक्षा काही उपयोगाचं घ्यायचं होतंस. हातात पाच आठवडे आहेत, तू बेचाळीस पुस्तकांची यादी केलीयस. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी वाचायला वेळ लागतो. तेव्हा यातली कुठली आधी संपवू, म्हणजे वर्गात मागे पडणार नाही? आणि अगदी शेवटी, कंसात: ‘एक सीनियर म्हणाली, आवडती गोष्ट शिकवायला घेतली की मरते. खरं आहे का?’

म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवलंस. खरा प्रश्न कंसातला आहे. इतकी वर्षं जे एकटीने, पांघरुणात मोबाइलच्या उजेडात वाचलं, त्याला आता इंटर्नलचे मार्क लागणार, त्यावर ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ येणार, मग ते आपलं राहील का, ही धास्ती आहे. बेचाळीस पुस्तकं हा त्या धास्तीवरचा उतारा. सगळं आधीच वाचून टाकलं की कोणी काही बिघडवू शकणार नाही, असं आत कुठेतरी वाटत असणार.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे हे कोण सांगतंय ते कळेल. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले, मग वाट बदलून इंग्रजी साहित्यात एमए केलं आणि गेली सव्वीस वर्षं पुण्यात शिकवतेय. विज्ञानकथा हा विषय वेगवेगळ्या नावांनी नऊ वेळा शिकवलाय: कधी ऐच्छिक पेपर, कधी शनिवारचा सर्टिफिकेट कोर्स, आता ओपन इलेक्टिव्ह. तुला अगंतुगं करतेय, चालवून घे. माझ्या वर्गातल्या मुली तुझ्याच वयाच्या असतात.

तुझी सीनियर म्हणते ते पाप मी स्वतः केलेलं आहे. पहिल्या वर्षी मी तीन आठवडे व्याख्याच शिकवली. विज्ञानकथा म्हणजे काय, अद्भुतकथा म्हणजे काय, फळ्यावर दोन रकाने, त्यांच्यात फरकाचे मुद्दे. साठेक मुलांनी हौसेने नाव दिलं होतं, चौथ्या आठवड्यात पुढ्यात सतरा. तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसायचा. पहिल्या तासाला त्याने वहीच्या समासात फार सुंदर यान काढलं होतं, खिडक्यांसकट. चौथ्या आठवड्यात मी त्याच्या बाजूने गेले तर त्याच वहीत तो डेटा स्ट्रक्चर्सची असाइनमेंट उतरवत होता. गोष्ट मेली होती, आणि मारणारी मी होते. त्यामुळे सीनियरला खोटं पाडणार नाही. एवढंच सांगेन की माझ्या हातून ती मेली ती व्याख्यांमुळे. त्या तीन आठवड्यांत आम्ही एकही कथा धड वाचली नव्हती.

आता कुठली गोष्ट कशावर अवलंबून आहे ते सांगते, म्हणजे पुढचं वेदवाक्य समजणार नाहीस. सगळ्यात मोठा फरक शिकवणाऱ्याचा. इंग्रजी विभागाकडे कोर्स असेल तर सुरुवात बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडपासून होईल. मराठी विभागाकडे असेल तर नारळीकर, निरंजन घाटे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर ही नावं येतील. फिजिक्सच्या एखाद्या हौशी सरांकडे असेल तर ‘यातलं विज्ञान कितपत बरोबर’ यावर तास रंगतील. तिन्ही कोर्स चांगले होऊ शकतात, पण तिघांची तयारी वेगळी. दुसरं म्हणजे नेमलेल्या कथा आहेत की कादंबऱ्या. तिसरं, इंटर्नलला लेखी परीक्षा आहे, प्रेझेंटेशन आहे की स्वतःची कथा लिहायचीय. या तीन गोष्टी विभागात जाऊन विचार. मे महिन्यातही ऑफिसात कोणीतरी असतंच, अभ्यासक्रमाच्या दोन पानांची झेरॉक्स मिळते. बेचाळीसच्या यादीपेक्षा ती दोन पानं तुला जास्त कामाची.

मग जरा गणित कर, कॉम्प्युटरची आहेस. ओपन इलेक्टिव्ह सहसा दोन क्रेडिटचं असतं, म्हणजे तीस तास. जून ते ऑक्टोबर, मध्ये गणपती, इंटर्नल, निम्मा वर्ग ‘पुरुषोत्तम’ एकांकिका स्पर्धेच्या तालमींना. हातात राहतात बावीस-तेवीस. एक कथा धड करायची तर दोन तास लागतात, कधी तीन. म्हणजे अख्ख्या सेमिस्टरमध्ये सात-आठ कथा आणि फार तर एक कादंबरी. बेचाळीस पुस्तकं वाचून तू कोणाच्या पुढे जाणार आहेस? तिथे कोणी धावतच नसतं.

सगळं वाचून आलेली मुलं माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन असतात. मला आवडतात, मी त्यांच्यातलीच होते. पण त्यांचं एक होतं. कुठलीही कथा काढली की हात वर: ‘मॅडम, हे त्या अमक्या पुस्तकात आधी येऊन गेलंय.’ बरोबर असतं. पण तिथेच गाडी थांबते. आधी येऊन गेलंय, मग पुढे काय? कोणी कधी कुठलं यंत्र पहिल्यांदा आणलं याची मोठी वंशावळ त्यांच्याकडे तयार असते आणि समोरच्या पानावर काय चाललंय याकडे लक्ष नसतं. तू पाच आठवड्यांत बेचाळीस पुस्तकं रेटलीस तर तुझंही हेच होईल. पी हळद अन् हो गोरी.

त्यापेक्षा मी हल्ली पहिल्या तासाला काय करते ते सांगते. व्याख्येचं नाव काढत नाही. फळ्यावर लिहिते: पुणे, १९६५. सायकलींचं शहर. मुलांना सांगते, तुम्ही तेव्हाचे विज्ञानकथाकार आहात. पन्नास वर्षांनी घरटी एक-दोन पेट्रोलवरच्या दुचाक्या असतील असं भाकीत करा. हे सगळ्यांना जमतं. सायकल आहे, इंजिन आहे, एकाला दुसरं जोडलं की झालं. स्कूटर तर तेव्हाही दिसत होत्या, फक्त नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे.

मग विचारते, आता या एका बदलामुळे आणखी काय काय हललं? आधी ठरलेली उत्तरं येतात: पेट्रोल पंप, धूर, ट्रॅफिक. मग जरा आतली: तासावर सायकल भाड्याने देणारी दुकानं गेली, थिएटरबाहेरच्या सायकल स्टँडवाल्याची शिट्टी गेली, पंक्चरवाला मात्र टिकला. कोणीतरी म्हणतं, नोकरी लांबची धरता आली, म्हणून घरही लांब घेतलं. आणि दरवर्षी, साधारण विसाव्या मिनिटाला, मधल्या बाकावरची एखादी मुलगी म्हणते: ‘मॅडम, स्कार्फ.’

वर्ग हसतो, मग गप्प होतो. कारण खरंच आहे. डोक्यावरून, कपाळावरून, नाकावरून गुंडाळून मागे गाठ, फक्त डोळे उघडे, त्यावर गॉगल. बाहेरगावचा पाहुणा स्टेशनवर उतरला की दचकतो. धूळ, धूर आणि ऊन यांच्यासाठी बांधलेलं कापड. पण ते बांधून मुलगी कोणाच्या मागे बसली तर चौकात उभ्या असलेल्या मावशीला ती ओळखू येत नाही. दोन मीटर कापडाने पुण्यातल्या मुलींना असं काही दिलं जे कोणी ठरवून दिलं नव्हतं. इंजिन बनवणाऱ्याच्या डोक्यात नव्हतं, स्कूटर विकणाऱ्याच्या नव्हतं, आणि घरून ‘चेहरा झाकून जा गं, काळी पडशील’ म्हणणाऱ्या आईच्या तर नव्हतंच नव्हतं.

१९६५ साली बसून दुचाकीचं भाकीत करणारी कथा म्हणजे जाहिरात. स्कार्फचं भाकीत करणारी असती तर ती मी आजही वर्गात लावली असती. तुझ्या कोर्समध्ये यासाठी एक शब्द येईल: नोव्हम. लॅटिन शब्द, अर्थ ‘नवी गोष्ट’. डार्को सुविन या समीक्षकाने १९७९ च्या आपल्या पुस्तकात तो वापरला. कथेतल्या जगाला आपल्या जगापासून वेगळं करणारी एक नवी गोष्ट असते, आणि बाकी सगळं तिच्यातून ओघाने, पटेल असं निघतं. परीक्षेत शब्द सुविनचा लिही, डोक्यात स्कार्फ ठेव.

हे मनात धरून ओळखीची कथा पुन्हा वाचली तर काय होतं बघ. जयंत नारळीकरांची पानिपतावरची कथा एनसीईआरटीने अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात घेतलीय. स्टेट बोर्डाच्या मुलांनी ती बहुधा वाचलेली नसते. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात जिथे १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी कानाला चाटून गेली आणि मराठे पानिपत जिंकले. ‘कथेत काय बदललं?’ विचारलं की सगळी मुलं लढाई सांगतात. मी विचारते, गंगाधरपंतांना गाडीच्या खिडकीतून काय दिसलं?

मग पानं उलटली जातात. ते पुण्याहून मुंबईला जिजामाता एक्स्प्रेसने निघालेत, डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान गाडी, चाळीस मिनिटांत लोणावळा. आणि पुण्याबाहेर कारखान्यांच्या वसाहती नाहीत. एका छोट्या वाक्यात येऊन जातं ते. पिंपरी-चिंचवडहून येणारी मुलं माना वर करतात: ‘म्हणजे आम्ही नाहीच?’ पुढे सरहद्दीचं स्टेशन लागतं, कारण मुंबई अजून इंग्रजांकडे आहे. शेवटी आझाद मैदानावर एक सभा चालू असते, व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी. गंगाधरपंत जाऊन बसतात आणि प्रेक्षक त्यांच्यावर टोमॅटो-अंडी फेकतात, कारण त्या जगात सभांना अध्यक्ष नेमायची पद्धतच उरलेली नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला लढाईच्या निकालापेक्षा अध्यक्षाविना सभा ही कल्पना पचायला अवघड. नारळीकरांना हे पक्कं माहीत असणार.

याच नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी केलेली. कथा कथा म्हणूनच जोखली जावी, शास्त्रज्ञाच्या नावाला मान देऊन नको, हा हेतू. तिला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची उभारणी त्यांनी याच शहरात केली. ‘हे खरं साहित्य आहे का?’ असा प्रश्न वर्गात कोणी काढलाच तर हा किस्सा सांग. वाद मिटणार नाही, पण चांगला लांबेल.

आता कंसातल्या प्रश्नाचं उत्तर, एका दुपारच्या तासातून.

टॉम गॉडविनची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही १९५४ ची कथा, जवळपास प्रत्येक कोर्समध्ये असते. एक छोटं यान आजारी माणसांसाठी औषध घेऊन निघालंय. इंधन मोजून एका वैमानिकापुरतं. भावाला भेटायला म्हणून एक अठरा वर्षांची मुलगी यानात लपून बसलीय. तिचं वजन धरलं तर यान उतरताना कोसळणार, औषध पोचणार नाही, तिकडचे सगळे मरणार. वैमानिकाला तिला बाहेर सोडावं लागतं. निसर्गाच्या नियमांपुढे इलाज नाही, असा कथेचा सूर. असं सांगतात की लेखक दर वेळी मुलीला वाचवायचा आणि संपादक कथा परत पाठवायचा.

वर्गात वाचून झाल्यावर नेहमीसारखी शांतता. दोन मुली डोळे पुसत होत्या. मी ‘विज्ञानाची निष्ठुरता’ वगैरे बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, दाराला कुलूप का नव्हतं?’ मी म्हटलं, दारावर पाटी होती ना, परवानगीशिवाय आत येऊ नये म्हणून. तो म्हणाला, ‘पाटीने काय होतं? माझे बाबा भोसरीला प्रेस शॉपमध्ये आहेत. तिथे प्रेसला दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येतो. का, तर माणूस एक हात आत घालणारच, हे मालकाला माहीत असतं. इथे एक माणूस जास्त चढला तर सगळे मरणार आणि यांनी नुसती पाटी लावली?’

पुणेरी पाटीवर श्रद्धा असलेल्या शहरात हे कोणी बोलावं! पुढची चाळीस मिनिटं मी जवळजवळ गप्प होते. एका मुलीने मुद्दा काढला की इंधन मोजूनच भरायचं हा भौतिकीचा नियम नाही, खर्चाचा आहे. दुसऱ्याने विचारलं, निघण्याआधी यानाचं वजन का केलं नाही, भाजीवालाही वजन करतो. कोणीतरी वैमानिकाची बाजू घेतली: तो बिचारा नोकर, नियम त्याने केलेले नाहीत. मग प्रश्न आला की मुलीला नक्की कोणी मारलं. गणिताने, कंपनीने, लेखकाने की तिला परत परत मारायला लावणाऱ्या संपादकाने? पुढच्या तासाच्या मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही थांबलो.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा स्टाफरूमपाशी आला. रात्री कथा पुन्हा वाचली म्हणाला, दोनदा. कथेवर चिडलेला होता, आणि त्याला आणखी अशी एक हवी होती.

तेव्हा सीनियरला सांग, मरते ती कथेबद्दलची बडबड ऐकून. दाराला कुलूप का नाही हे विचारायची मुभा जिथे असते तिथे ती सहसा टिकते. तुझ्या वर्गात ती मुभा असेल का? ते शिकवणाऱ्यावर आहे, खात्री देता येत नाही. पण व्याख्या सांगणारी मॅडम मिळाली तरी एक प्रश्न विचारायला तुला कोणी अडवत नाही. माझ्या त्या पहिल्या वर्षी कोणी विचारला असता तर मी सुधारले असते, थोडी लवकर.

इंग्रजीचं. इथे मी तुझी समजूत काढत नाहीये, खरं आहे ते सांगतेय. विज्ञानकथेच्या पहिल्या पानावर सगळेच मराठी माध्यमाचे असतात. तिथले निम्मे शब्द लेखकाने त्याच दिवशी बनवलेले असतात. ऑक्सफर्डचा प्राध्यापकही तिथे अडखळतो आणि पुढे गेल्यावर कळेल म्हणून चालत राहतो. अनोळखी शब्दावर डिक्शनरी उघडणारी मुलं या प्रकारात जास्त अडकतात. शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मार आणि पुढे जा. तीन पानांनी मागे ये, निम्म्या रेघा खोडता येतील. राहिलेल्या शब्दांसाठी डिक्शनरी. आणि कृपा करून एआयकडून सारांश काढून घेऊ नकोस. सारांशात दुचाकी येते, स्कार्फ गळतो.

मग पाच आठवड्यांत वाचायचं काय? चार गोष्टी. चारही दोनदा.

नारळीकरांची पानिपताची कथा मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. तुझ्या इंग्रजीच्या धास्तीवर यापेक्षा चांगलं औषध मला माहीत नाही. ‘द कोल्ड इक्वेशन्स’, वर शेवट सांगून टाकला असला तरी. तिसरी, रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज् ड्रीम’. १९०५ ची, बंगालमधल्या एका मुस्लिम बाईने थेट इंग्रजीत लिहिलेली, तासाभरात वाचून होते. तिच्यात बायका सूर्याची उष्णता वापरून राज्य चालवतात आणि पुरुष पडद्यात, घरात. वाचताना उष्णतेच्या यंत्रापाशी फार रेंगाळू नकोस, रस्त्यावर काय दिसतं ते बघ.

चौथी थोडी मोठी: मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’. इंग्रजी विभागाचा कोर्स असेल तर ही येणारच. तिने लिहायला घेतली १८१६ च्या उन्हाळ्यात, वय अठरा, तुझ्याहून लहान. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाल्याने युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा झालाच नाही. पावसात घरात अडकलेल्या मित्रमंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली, त्यातून ही निघाली. आत्ता अख्खी वाचू नकोस. मधली, जिथे तो निर्माण केलेला जीव स्वतः बोलतो ती प्रकरणं वाच. एका झोपडीला लागून लपून, भिंतीपलीकडच्या माणसांचं बोलणं ऐकत ऐकत तो भाषा शिकतो. त्याला नाव नाही. फ्रँकेन्स्टाइन हे बनवणाऱ्याचं नाव आहे, आणि ही चूक वर्गात कोणीतरी पहिल्या दिवशी करणार आहे. तू हसू नकोस.

उरलेली अडतीस पुस्तकं पळून जात नाहीत. ती विकत तर मुळीच घेऊ नकोस. अप्पा बळवंत चौकात हिंडलीस तरी नेमलेल्या पुस्तकांचीच चळत दिसेल. त्यापेक्षा घराजवळच्या रद्दीवाल्याकडे जुने दिवाळी अंक विचार, ‘नवल’, ‘धनंजय’. मराठी विज्ञानकथा फार मोठ्या प्रमाणात दिवाळी अंकांत जगलीय, आणि किलोच्या भावाने मिळते.

वाचताना एक वही जवळ ठेव. डाव्या पानावर एकच ओळ: या कथेत बदललेली गोष्ट कोणती. उजव्या पानावर तिच्यामुळे हललेलं सगळं, सुचेल तसं, लेखकाने सांगितलेलं आणि न सांगितलेलंही. उजवं पान भरत नसेल तर एक तर कथा कच्ची आहे किंवा तू घाईत वाचलीयस. दोन्ही शक्यता धर.

स्वतःची कथा लिहायची वेळ आली तर एकच सांगते, नायकाचं नाव जॅक ठेवू नकोस. दरवर्षी तीस कथांमधल्या वीस न्यूयॉर्कमध्ये घडतात, लिहिणारी मुलं कात्रज आणि वाघोलीची. म्हणून मी पानिपतानंतर पानशेत देते: १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं नसतं तर? एकीने फार मनापासून लिहिली होती. धरण टिकलं, नदीकाठचे वाडे टिकले, तिची आजी अजून त्याच वाड्यात, संध्याकाळी अंगणात सगळी मिळून बसलेली, असं सोनेरी. मला आवडली. तिने घरी आजीला वाचून दाखवली. आजी ऐकून घेऊन म्हणाली, ‘तुझ्या गोष्टीत मला स्वतःचा नळ कधी मिळतो?’ वाड्यात अकरा बिऱ्हाडांना एक नळ होता. पूर आला, सगळं गेलं, दोन वर्षं हाल काढले, मग पूरग्रस्तांच्या वसाहतीत घर मिळालं, घरात नळ. मुलीने कथा पुन्हा लिहिली. दुसऱ्या खेपेला धरण शाबूत आहे आणि पहाटे चारला आजी बादली घेऊन रांगेत उभी आहे, पावसात, आणि तिच्या पुढे सहा जणी.

राहता राहिली आई. तिला पटवायच्या भानगडीत पडू नकोस. या कोर्सने नोकरी लागत नाही, लागते असं सांगितलंस तर ती बरोबर पकडेल. तिच्याकडे दुसरं काम आहे. एखाद्या संध्याकाळी चहाच्या वेळी विचार, पहिल्यांदा गाडी चालवलीस ती कुठली, लूना की स्कूटी? तोंडाला स्कार्फ कधी बांधायला लागलीस, आधी कोणाचा बघितलास, आजी काय म्हणाली? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या उजव्या पानावर लिही. डाव्या पानावर फक्त गाडीचं नाव आणि साल.